कार्मेनेर : चिलीतले सात दिवस

दिंडोरीच्या बागेत खरडछाटणी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात मी आणि दादा चिलीला निघालो. इतक्या वर्षांत दादा एप्रिल छाटणी सोडून कुठे गेल्याचं मला आठवत नाही. पण त्याची मुलगी, माझी भाची ऋता दोन वर्षांपासून सान्तियागोत नोकरीला आहे आणि तिने फोनवर सांगितलं, "बाबा, इथे कार्मेनेर नावाचं एक द्राक्ष जवळजवळ दीडशे वर्षं दुसऱ्याच नावाने वाढलं. बघायचं तर एप्रिलमध्येच या. तेव्हा त्याची पानं लाल होतात." दादा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीच म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या, छाटणी मी बघते."

तिकिटं, व्हिसा सगळं ऋताने केलं. भारतातून थेट विमान नाही, दीड दिवस प्रवासात जातो, एवढं धरून चला.

दिवस पहिला : सान्तियागो

विमानतळावर एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वनस्पती किंवा प्राण्यांपासून झालेलं काही जवळ आहे का, या प्रश्नाला मी "हो" लिहिलं. बॅगेत वहिनीने केलेला गोडा मसाला होता आणि मेथीदाण्यांची पुडी. टेबलापलीकडच्या बाईंनी दोन्ही पुड्या उघडून हुंगल्या. मसाला परत दिला, मेथी मात्र बाजूला ठेवली. मग मला समजावं म्हणून त्यांनी एक बोट टेबलावर उभं केलं आणि हळूहळू वर नेलं. हे रुजतं, म्हणून नाही.

मला मेथीचं वाईट वाटत होतं, पण दादा म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." पुढचे सात दिवस जे बघायचं होतं त्याचं मूळच तिथे होतं. फायलॉक्सेरा नावाची एक बारीक कीड द्राक्षाच्या मुळांवर जगते. १८६०च्या दशकात ती अमेरिकेतून युरोपात पोचली आणि तिथल्या बागाच्या बागा वाळून गेल्या. चिलीच्या बागांपर्यंत ती आजही पोचलेली नाही. उत्तरेला आताकामाचं वाळवंट, पूर्वेला आन्देस, पश्चिमेला प्रशांत महासागर आणि दक्षिणेला बर्फ. अशा चार भिंतींच्या आतला हा देश आहे आणि दार फक्त विमानतळाचं आणि बंदराचं. तिथे पहारा कडक असणारच.

(तुम्ही जाल तेव्हा प्रतिज्ञापत्रात खरं तेच लिहा. लिहिलेली वस्तू फार तर ठेवून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो.)

दुपारी ला वेगा या मोठ्या मंडईत गेलो. लाल भोपळे इतके प्रचंड की ते करवतीने कापून फोडी विकतात. कणसांचा हंगाम सरत आला होता. एक आजी स्टुलावर बसून चाकूने दाणे उतरवत होत्या, पाटीत दुधाळ चीक साचला होता. इथलं कणीस आपल्या मधुमक्यापेक्षा जाड आणि पिठूळ दाण्याचं असतं, त्याला चोक्लो म्हणतात. पाव विकत घेतला तो मर्राकेता, चार भागांत तुटणारा, वरून कडक आणि आत मऊ. त्याच्याबरोबर पेब्रे : कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि हिरवी मिरची बारीक चिरून तेल-व्हिनेगर घातलेलं. आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण. पुढे सातही दिवस ती वाटी टेबलावर सगळ्यांत आधी यायची.

जेवायला मात्र मासळीबाजारात गेलो आणि तिथे माझी चूक झाली. शिंपल्यांचा गरम रस्सा मागवला आणि त्याच्याबरोबर हौसेने कार्मेनेरचा ग्लास. पहिल्या घोटाला वाइन लोखंडासारखी लागली, रश्शाची चव गेली आणि तोंडात कडवटपणा राहिला. मी ऋताला म्हणाले, "हीच का ती? यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो?" ती म्हणाली, "आत्या, वाइन चुकीची नाहीये, ताट चुकलंय." लाल वाइन आणि शिंपले-कोळंबी यांचं बहुतेक वेळा असंच होतं. तिथे चिलीचीच पांढरी वाइन घ्या.

दिवस दुसरा : मैपोचं खोरं

सकाळी आन्देस दिसला. आदल्या दिवशी धुरक्यात काहीच दिसलं नव्हतं आणि आता अख्खी भिंत समोर उभी, माथ्यावर नवं बर्फ. सान्तियागोच्या दक्षिणेला आल्तो हाउएल नावाचा भाग आहे, तिथल्या एका छोट्या बागेत ऋताने फेरी ठरवली होती. बाग दाखवणाऱ्या बाई शेतकी पदवीधर होत्या. दादाचे हात बघूनच त्यांनी ओळखलं की हा पर्यटक नाही. मग त्यांनी नेहमीची फेरी बाजूला ठेवली आणि आम्हाला सरळ वेलींत नेलं.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. कार्मेनेर मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं. १८५१ च्या सुमारास चिलीतल्या श्रीमंत जमीनदारांनी बोर्दोहून काड्या आणून इथे लावल्या, त्यांत मेर्लो या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या काड्यांबरोबर कार्मेनेरच्याही आल्या. पुढे फ्रान्समध्ये फायलॉक्सेरा आला. बागा गेल्या आणि कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटांवर कलमं करून पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा कार्मेनेर जवळजवळ कोणी लावलंच नाही. एक तर ते उशिरा पिकतं. दुसरं म्हणजे थंड-ओल्या हवेत त्याच्या फुलोऱ्यात गळ फार होते, घड विरळ राहतात.

"गळ" हा शब्द ऋताला स्पॅनिशमध्ये येईना. दादाने घडाच्या देठावर बोटं फिरवून मणी खाली पडल्याची खूण केली. बाई "सी, सी!" म्हणत हसल्या आणि दादाच्या दंडावर थाप मारली. त्यानंतर त्या दोघांना ऋताची गरज फारशी लागली नाही.

इकडे चिलीत दोन्ही वेली एकाच ओळीत वाढत राहिल्या आणि सगळ्यांनाच लोक मेर्लो म्हणत राहिले. चिलीचं मेर्लो जरा वेगळं लागतं, हिरवट लागतं, अशी कुजबुज होती. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी याच परिसरातल्या विन्या कार्मेन या कंपनीच्या बागेत झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच वेलतज्ज्ञ आले. नोव्हेंबर म्हणजे इथला फुलोऱ्याचा काळ. मेर्लो म्हणून दाखवलेल्या वेलीच्या फुलातले पुंकेसर सरळ नाहीत, पिळवटलेले आहेत, हे त्यांनी पाहिलं आणि सांगितलं : हे मेर्लो नाही, कार्मेनेर आहे. जे द्राक्ष त्याच्या स्वतःच्या देशात संपल्यातच जमा होतं, ते इथे एकरच्या एकर उभं होतं. सरकारी मान्यता मिळायला १९९८ उजाडलं.

बाईंनी एक कोवळा शेंडा शोधून त्याचं पान उलटं केलं. पानामागे लालसर छटा होती. पलीकडच्या ओळीतलं मेर्लोचं कोवळं पान उलटलं, ते मागून पांढुरकं. दादाने दोन्ही पानं तळहातावर शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिला. "एवढी साधी खूण," तो म्हणाला, "आणि रोज बागेत जाणाऱ्याला दिसली नाही." त्याच्या आवाजात कुणाला दोष नव्हता. नर्सरीवाल्याने दिलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवूनच सगळे बागायतदार रोप लावतात, तोही लावतो.

आणि ते हिरवट लागणं? मेर्लो पिकलं की मजूर सगळीच ओळ एकदम काढायचे. कार्मेनेरला त्याहून तीन-चार आठवडे जास्त लागतात. म्हणजे इतकी वर्षं ते कच्चंच खुडलं जात होतं आणि बोल मात्र त्याच्या चवीला लागत होता. मला हे ऐकून खरोखर कसंतरी झालं.

दिवस तिसरा : पोमाइरे

रविवार होता. सान्तियागोपासून दीड तासावर पोमाइरे हे कुंभारांचं गाव. एकच लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना तपकिरी मातीची भांडी. (सोमवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. आणि भांडं घेतलंत तर विमानात हातात आणा.) तीन पायांचं मातीचं डुक्कर इथे शुभ मानतात. ऋताने वहिनीसाठी एक घेतलं.

पण आम्ही आलो होतो ते पास्तेल दे चोक्लो खायला. याबद्दल सावकाश सांगते.

मातीचा वाडगा भट्टीतून थेट टेबलावर येतो, कडेला अजून खदखदत असतं. वर मक्याचा जाड थर, त्यावर साखर भुरभुरून भाजलेली, त्यामुळे जागोजागी जवळजवळ काळे पडलेले डाग. चमचा घातला की आधी ती साय कुरकुरते. खाली वाटलेल्या ओल्या मक्याची मऊ, दाट उकड, तिला तुळशीच्या जातीच्या आल्बाकाचा वास. त्याच्याखाली पिनो : भरपूर कांदा, जिरं आणि लाल तिखट घालून शिजवलेला खिमा. मध्येच अर्धं उकडलेलं अंडं, एक काळं ऑलिव्ह, दोन-चार मनुका आणि कोंबडीचा तुकडा. जिरं आणि मका एकत्र शिजल्याचा वास आला आणि मला आजीची चूल आठवली. वाफ तोंडावर येत होती आणि मी काही बोलू शकले नाही.

(पिनो बहुधा गोमांसाचा असतो. दादा खात नाही, म्हणून ऋताने आधीच विचारून सगळा कोंबडीचाच करून घेतला. विनंती केली की करून देतात. शाकाहारी लोकांनी उमितास मागवावेत, म्हणजे वाटलेला मका कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेला. मात्र त्यात डुकराची चरबी आहे का, हे विचारून घ्यावं.)

खाणावळीच्या मालकीणबाईंनी कार्मेनेरची बाटली आणली, साधीच, रोजची. पहिल्या दिवशीची भीती मनात होती. एक घास, मग एक घोट. वाइनमध्ये काळ्या जांभळाचा गर होता आणि मागून ढोबळी मिरची भाजल्यासारखा वास, त्यात किंचित धूर. ती मक्याच्या गोडीला बिलगली. या वाइनमध्ये आंबटपणा कमी आणि तुरटपणा मऊ असतो, त्यामुळे मक्यासारख्या गोडसर, पिठूळ पदार्थाशी ती भांडत नाही. आणि तिच्यातला तो हिरवा वास जिऱ्याला आणि कांद्याला जाऊन मिळतो. त्या टेबलावर मला पहिल्यांदा कळलं की ही वाइन खरी कुणाची आहे. मोठ्या हॉटेलातल्या मांसाच्या जाड तुकड्याबरोबर ती चांगलीच लागत असेल, पण तिची खरी सोबत मका, घेवडा, भोपळा, जिरं आणि मिरची. शेतातून घरी आलेल्या माणसाचं जेवण.

दिवस चौथा : सान्ता क्रूझ

बसने तीन तास, कोल्चाग्वा खोऱ्यातल्या सान्ता क्रूझला. चौक, चर्च, गवती टोप्या घातलेले म्हातारे. कोल्चाग्वाचं संग्रहालय अपेक्षेपेक्षा फार मोठं निघालं. २०१० साली खाणीत अडकलेल्या ३३ कामगारांच्या सुटकेचं दालन आहे, तिथे दादा सगळ्यांत जास्त वेळ थांबला.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी "ओन्से"ला बोलावलं. ओन्से म्हणजे संध्याकाळचा चहा, पण आपल्या चहापेक्षा भरपूर. पाव, कुस्करलेला आवोकादो, चीज, घरचा मुरंबा. रात्रीचं वेगळं जेवण अनेक घरांत नसतंच. चीजच्या गोळ्यावर लालसर भुकटी लावलेली होती. दादाने बोट लावून हुंगलं. "ही तर चुलीवर भाजलेली संकेश्वरी." ती मेरकेन. मापुचे या इथल्या मूळ लोकांचा मसाला : धुरावर वाळवलेली मिरची, भाजलेले धणे आणि मीठ. त्या मिरचीचं नावच "शेळीचं शिंग" असं आहे, आकार तसाच वाकडा. काकूंनी कपाटातून कार्मेनेरची अर्धी बाटली काढली आणि आम्हा तिघांना थोडी थोडी दिली. शेळीच्या दुधाचं चीज, मेरकेन आणि ती वाइन. धुराला धूर मिळाला. मी त्यांच्याकडून मेरकेन मिळण्याचं दुकान विचारून घेतलं.

(एप्रिलमध्ये दुपारी ऊन, सूर्य कलला की एकदम थंडी. स्वेटर हातात ठेवा. आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. इथला कायदा फार कडक आहे. आम्ही रोज गाडी चालकासकट ठरवली.)

दिवस पाचवा : अपाल्ता

पहाटे धुकं होतं. तिंगिरिरिका नदी ओलांडली तेव्हा पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. दहाच्या सुमाराला धुकं फाटलं आणि आम्ही अपाल्तात होतो : घोड्याच्या नालासारखा डोंगर, त्याच्या कुशीत उतारावर चढत गेलेल्या बागा. कॅबरने या दुसऱ्या द्राक्षाची पानं पिवळी पडत होती. आणि त्यांच्या मधोमध लाल पट्टे, कुंकवासारखे नाहीत, त्याहून गडद, सुकलेल्या जास्वंदीसारखे. कार्मेनेर हे नावच मुळी किरमिजी रंगावरून आलंय. गाडी थांबायच्या आधीच दादाने दार उघडलं होतं.

बागेचे मालक सत्तरीतले. नातवाबरोबर खुडणी चालू होती, ओळीत दहा-बारा माणसं, हातात छोट्या कात्र्या. त्यांनी दादाला विचारलं, "तुमच्याकडे किती वेळा छाटता?" दादाने दोन बोटं दाखवली. वर्षातून दोनदा छाटणी आणि पीक एकदाच, हे त्यांना पटेना. आमच्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही, तिला आम्हीच छाटून थांबवतो आणि छाटूनच जागं करतो, असं दादाने सांगितलं. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बिचारी दमत असेल." दादा म्हणाला, "दमते. म्हणून खत-पाणी सांभाळून द्यावं लागतं."

मग दादाने खाली बसून वेलीच्या बुंध्याची माती हाताने बाजूला केली. तो कलमाची गाठ शोधत होता. ती नव्हतीच. काडी सरळ जमिनीत लावलेली, वेल स्वतःच्याच मुळांवर उभी. आमच्याकडे क्षार आणि पाण्याची टंचाई यांच्यामुळे डॉगरिजच्या खुंटावर कलम करावं लागतं. युरोपात फायलॉक्सेरामुळे करावं लागतं. इथे अनेक बागांत आजही गरज पडत नाही, जिथे सूत्रकृमी फार आहेत तिथेच आता खुंट वापरू लागलेत. दादाने माती पुन्हा लोटून हाताने दाबून सारखी केली. आजोबा ते बघत होते. त्यांनी खिशातून कात्री काढली आणि दादाच्या हातात दिली.

पुढचा तासभर दादा त्यांच्या मजुरांबरोबर खुडत होता.

मला आजोबांनी एक मणी दिला. साल जाड, गर गोड, आंबटपणा जवळजवळ नाही. "बी थुंकू नका," ऋताने त्यांचं सांगितलं, "चावा." बी तपकिरी होतं, दाताखाली शेंगदाण्यासारखं मोडलं. मग त्यांनी ओळीच्या टोकाशी, दाट पानांच्या सावलीत राहिलेला एक घड शोधला आणि त्यातला मणी दिला. त्याचं बी हिरवट, चावल्यावर जीभ आक्रसली आणि नाकात कच्च्या ढोबळी मिरचीचा झणका गेला. एकाच वेलीचे दोन मणी. तो वास पायराझिन नावाच्या घटकाचा, ढोबळी मिरचीत असतो तोच. जसजसं मणी पिकतात आणि त्यांना ऊन लागतं, तसतसा तो कमी होतो. म्हणून घडांभोवतीची पानं वेळेवर काढतात आणि खुडायची घाई करत नाहीत. "पूर्ण घालवू नये," आजोबा म्हणाले. "पूर्ण गेला तर ती कुणाचीही वाइन होते." मी हे वाक्य त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं.

दुपारी अंगणात सगळ्यांबरोबर जेवण. पोरोतोस ग्रानादोस, म्हणजे ताजे सोललेले घेवड्याचे दाणे, लाल भोपळा आणि किसलेला मका एकत्र इतका शिजवलेला की भोपळा विरघळून रस्सा दाट होतो. वर तोच आल्बाका आणि तेलात परतलेलं लाल तिखट. हंगामातला शेवटचा घेवडा, असं सूनबाई सांगत होत्या. शेजारी निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे आणि मेरकेन लावलेले सॉसेज. पेब्रे होतंच. वाइन मागच्या वर्षीची, लेबल नसलेल्या बाटलीतली, पाण्याच्या साध्या ग्लासात.

दादा एरवी वाइन पीत नाही. त्याची दोन एकर वाइनची द्राक्षं दरवर्षी कंपनीला जातात आणि तिथेच त्याचा संबंध संपतो. त्या दिवशी त्याने घेवड्याचा रस्सा पावाने पुसत पुसत अर्धा ग्लास प्यायला आणि मला म्हणाला, "बाईने घुगऱ्या करायच्या त्याची आठवण आली." बाई म्हणजे आमची आई.

दिवस सहावा : पेउमो

पाऊस. खुडणीच्या दिवसांत पावसाचं भय काय असतं, ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. काकूंच्या घरी सकाळी सगळ्यांचेच चेहरे उतरलेले होते. कार्मेनेर सर्वांत शेवटी पिकतं, म्हणजे शरदातल्या पावसाची धास्तीही त्यालाच सर्वांत जास्त.

दुपारी उघडलं तसं काचापोआल नदीकाठच्या पेउमोला गेलो. संत्र्यांच्या आणि आवोकादोच्या बागा, मध्ये मध्ये द्राक्ष. चिलीतल्या उत्तम कार्मेनेरसाठी या गावाचं नाव घेतात. कारण जमिनीत आहे. माती खोल आणि चिकण, पाणी धरून ठेवते. पिकायला इतका वेळ घेणाऱ्या वेलीला उन्हाळा संपेपर्यंत पाणी पुरतं आणि पानं लवकर गळत नाहीत. दादाने ढेकूळ बोटांत चुरून पाहिलं. चिखलात रुतलेले बूट झटकत आम्ही लवकर परतलो.

(खोऱ्यांतल्या मोठ्या बागांमध्ये फेरी आधी ठरवावी लागते, आयत्या वेळी घेत नाहीत. छोट्या बागांना ऋताने फोनच केले. लेबलवर "कार्मेनेर" लिहायला चिलीत ७५ टक्के तेच द्राक्ष असलं तरी चालतं, त्यामुळे निव्वळ कार्मेनेर हवी असेल तर विचारून घ्या.)

दिवस सातवा : ऋताचं स्वयंपाकघर

सान्तियागोत परत. शेवटचा दिवस मी हट्टाने घरात काढला. मंडईतून भाजी आणली, हरभऱ्याचं पीठ मिळालं, आणि विमानतळावर परत मिळालेला गोडा मसाला होताच. तीन बाटल्या उघडल्या : मैपोची, अपाल्ताच्या आजोबांची आणि पेउमोची. ऋताचे दोन चिलीयन मित्र आणि एक पुण्याचं जोडपं जेवायला. बाटल्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. लाल वाइन साधारण १६ ते १८ अंशाला चांगली लागते, आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीचं तापमान तिला सोसत नाही.

काय जमलं आणि काय नाही, तेही सांगते. भरली वांगी उत्तम. तीळ, खोबरं, दगडफूल, सगळं भाजलेलं, आणि वाइनमध्येही तोच भाजका सूर. मटणाचा रस्सा चांगला लागला, पण तिखट अर्धं करावं लागलं. या वाइनमध्ये मद्यार्क बऱ्यापैकी असतो आणि तो तिखटाची आग वाढवतो. म्हणूनच ठेच्याबरोबर ती अजिबात घेऊ नका. मी घेतली आणि पुढची दहा मिनिटं कुठलीच चव कळली नाही. चिंच-गुळाच्या आमटीबरोबर वाइन पाणचट झाली, कारण आमटीच्या आंबटपणापुढे तिचा मुळातच कमी असलेला आंबटपणा उरलाच नाही. शेवयांची खीर खाऊन घोट घेतला तर नुसती कडू.

आणि ढोबळी मिरचीची पीठ पेरून भाजी. मोहरी, हिंग, जिरं, भरपूर तेल, बेसन खमंग होईपर्यंत परतलेलं. मी ती सहज केली होती, घरात मिरच्या होत्या म्हणून. एका मित्राने मर्राकेताच्या तुकड्यात ती भरली, खाल्ली, वाइन प्यायला आणि काही न बोलता ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तेच केलं. भाजीतली मिरची आणि वाइनमधली मिरची कुठे वेगळी होते ते कळेना. बेसनाचा खमंगपणा मागे रेंगाळत राहिला, त्यावर जांभळाचा गोडवा. सगळ्यांत आधी तीच कढई रिकामी झाली.

शेवटी दादाने विचारलं, एक काडी नेता येईल का. ऋताने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "नाही, बरोबर आहे," तो लगेच म्हणाला. "आपण तर असं करूच नये." परवाना आणि विलगीकरण या वाटेशिवाय दुसऱ्या देशातलं रोप आणू नये, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. (बाटल्या आणता येतात. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. मोज्यात गुंडाळून सामानात ठेवल्या, धक्का लागला नाही.)

आम्ही रात्री दिंडोरीला पोचलो. वहिनीने छाटणी चोख करून घेतली होती, काड्यांना लावायची पेस्टसुद्धा लावून झाली होती, आणि आधी छाटलेल्या ओळींचे डोळे फुटून दोन-दोन, तीन-तीन पानं आली होती. सकाळी मी चहा घेऊन बागेकडे गेले. दादा वाइनच्या दोन एकरांत होता. पहिल्या वेलीपाशी वाकून त्याने कोवळं पान दोन बोटांत धरलं, उलटं केलं, मागची बाजू पाहिली. मग दुसऱ्या वेलीचं, मग तिसऱ्या. चहा निवेपर्यंत तो अर्ध्या ओळीपर्यंत गेला होता.